मुलाखत घेतली, पण वही कुठे आहे?

ऑक्टोबर 2019 मध्ये बेलफास्टच्या न्यायालयात एका मुलाखतीचीच झडती घेतली गेली. खटला 1972 सालच्या एका अपहरणाचा आणि हत्येचा होता. जीन मॅकॉनव्हिल या दहा मुलांच्या विधवा आईला आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या लोकांनी घरातून उचलून नेलं. तिचा मृतदेह सापडायला 2003 साल उजाडलं. आरोपीच्या पिंजऱ्यात आयव्हर बेल यांचं नाव होतं आणि त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे संशोधनासाठी ध्वनिमुद्रित केलेली एक मुलाखत. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने 2001 पासून उत्तर आयर्लंडमधल्या संघर्षातल्या दोन्ही बाजूंच्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या आठवणी गोळा केल्या होत्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे कोणाला ऐकवलं जाणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. तो टिकला नाही. 2011 मध्ये ब्रिटिश यंत्रणेने अमेरिकी न्यायालयांमार्फत त्या फिती मागितल्या आणि 2013 पर्यंत त्यातल्या काही पोलिसांच्या हाती गेल्या.

न्यायमूर्ती ओहारा यांनी मात्र ती मुलाखत पुरावा म्हणून स्वीकारायला नकार दिला. तिच्यावर विसंबता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलाखत घेणारे अँथनी मॅकिंटायर हे त्याच संघटनेचे माजी सदस्य, डॉक्टरेट मिळवलेले अभ्यासक आणि रिपब्लिकन नेते गेरी अ‍ॅडम्स यांच्या राजकारणाचे कडवे टीकाकार. त्यांचा कल त्यांच्या प्रश्नांत उतरला होता. बोलणाऱ्यालाही आपलं म्हणणं मरेपर्यंत बाहेर येणार नाही याची खात्री होती, त्यामुळे त्याला कोणावरही काहीही ढकलता येत होतं. न्यायमूर्तींच्या निर्देशानुसार ज्यूरीने बेल यांच्या बाजूने निर्णय दिला.

कायद्याच्या दृष्टीने या निकालाची चर्चा पुष्कळ झाली. संशोधनाच्या दृष्टीने ती व्हायला हवी होती तितकी झाली नाही. प्रश्न कोणी विचारला, त्याचा कल काय होता, बोलणाऱ्याला काय शब्द दिला होता, त्या बोलण्यातून त्याला काय साधायचं होतं, हे सगळं न्यायालयाने तपासलं. माणसांच्या बोलण्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संशोधनाला हेच विचारायला हवं. ते विचारता येतं आणि त्याचं उत्तरही मिळू शकतं, हे त्या न्यायालयाने दाखवून दिलं.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, परिचर्या, पत्रकारिता, व्यवस्थापन अशा कितीतरी विषयांत 'गुणात्मक पद्धती' वापरून प्रबंध लिहिले जातात. आशा कार्यकर्त्यांच्या मुलाखती, आश्रमशाळेतल्या मुलांशी गटचर्चा, स्थलांतरित मजुरांच्या जीवनकथा असं त्यांचं साहित्य असतं. अशाच पद्धतीने केलेले अहवाल स्वयंसेवी संस्था सरकारला देतात आणि त्यांच्या आधारे योजना आखल्या जातात. या सगळ्याची तपासणी होते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातला मजकूर इतरत्र प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी किती जुळतो हे संगणकावर पाहिलं जातं. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. नियम योग्यच आहे, चोरी थांबायलाच हवी. पण घरी बसून रचलेली मुलाखत या चाचणीत कधीच अडकणार नाही, कारण ती कुठूनही उचललेली नसते. साम्य शून्य टक्के! आता तर एखाद्या संगणकीय भाषा-प्रारूपाला सांगितलं की मेळघाटातल्या तीस मातांच्या मुलाखती तासाभरात तयार होतात, लकबींसकट.

म्हणून आज मार्गदर्शकाने आणि परीक्षकाने विद्यार्थ्याला सर्वांत आधी एकच गोष्ट मागायला हवी. वही दाखव. गावात गेलास त्या दिवसाची टिपणं, ध्वनिमुद्रण, शब्दशः उतरवलेली मुलाखत, त्यावर समासात केलेल्या खुणा. निष्कर्षापर्यंत ज्या वाटेने आलास ती वाट दुसऱ्याला चालून पाहता आली पाहिजे.

ही मागणी अवाजवी नाही, हे मार्ट बाक्स यांच्या उदाहरणावरून कळतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातले हे राजकीय मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. बोस्नियातलं मेजुगोर्ये हे गाव 1981 पासून मेरीमातेच्या दर्शनाच्या कथांमुळे तीर्थक्षेत्र झालं आहे. तिथल्या घराण्यांमध्ये युद्धकाळात एक 'छोटं युद्ध' झालं आणि त्यात सुमारे 140 माणसं मारली गेली, असं बाक्स यांनी लिहिलं. जगभरच्या अभ्यासकांनी ते उद्धृत केलं. गावकऱ्यांना असं काही घडल्याचं माहीतच नव्हतं. नेदरलँड्समधल्या एका मठाबद्दलही त्यांनी टोपणनावाखाली लिहिलं होतं, त्यामुळे ते पडताळणं आणखी अवघड झालं. इतिहासकार मिशील बाउड यांच्या समितीने 2013 मध्ये त्यांच्यावर गंभीर गैरवर्तनाचा ठपका ठेवला, तेव्हा ते निवृत्त होऊन दहा वर्षं उलटली होती. दरवर्षी लाखो यात्रेकरू जिथे जातात अशा गावाबद्दल हे घडलं. टिपणं मागण्याची रीत असती तर इतकी वर्षं लागली नसती.

या उदाहरणांवरून गुणात्मक संशोधनच कुचकामी ठरवणारे लोक कमी नाहीत. आकडे नाहीत म्हणजे शास्त्र नाही, हा समज विद्यापीठांत आणि मंत्रालयांतही खोल रुजलेला आहे. वैद्यकीय नियतकालिकंही त्यातून सुटलेली नाहीत. 2016 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकाने गुणात्मक शोधनिबंधांना प्राधान्य नसल्याचं कळवल्यावर ट्रिश ग्रीनहाल्घ यांच्यासह 76 अभ्यासकांना संपादकांना खुलं पत्र लिहावं लागलं. त्या पत्राचं म्हणणं रास्त होतं. काही प्रश्नांची उत्तरं मोजून मिळतच नाहीत.

बीड जिल्ह्याचंच घ्या. ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये राज्यभर खळबळ उडाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82 हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत 13 हजार 800 हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा मोजणं अत्यंत गरजेचं होतं. पण असं का झालं, हे समजायला त्या बायकांचं बोलणंच ऐकावं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस बुडला की कापला जाणारा खाडा, कोप्यांजवळ ना न्हाणी ना संडास, पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळ्या, आणि त्रास असह्य झाल्यावर गाठलेल्या दवाखान्यात दाखवली गेलेली कॅन्सरची भीती. या गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत हे कोणत्याही तक्त्याच्या रकान्यात मावत नाही.

आणि नेमकी इथेच काटेकोरपणाची खरी परीक्षा असते. हीच बाई मुकादमासमोर एक सांगेल, सासूसमोर दुसरं, सरकारी गाडीतून उतरलेल्या ताईंना तिसरं आणि फडावरच्या मैत्रिणीला चौथं. चारही उत्तरं खोटी नसतील. मुलाखतीच्या वेळी कोपीत आणखी कोण बसलं होतं, नवरा किती वेळ थांबला, तो उठून गेल्यावर बोलण्याचा सूर बदलला का, हे त्याच दिवशी टिपून ठेवलं नसेल तर नंतर 'ऊसतोड मजूर महिलांचं मत' म्हणून छापलेलं वाक्य नेमकं कोणाचं, हे कधीच कळणार नाही. प्रबंधांत अशी नोंद क्वचितच असते. तिथे 'सखोल मुलाखती घेण्यात आल्या' एवढं वाक्य असतं. त्यातला कर्मणी प्रयोग विचारणाऱ्याला चित्रातून पुसून टाकतो.

ऐकण्याचं काम किती कसून करता येतं, याचा नमुना गडचिरोलीत आहे. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी करून 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिला. 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक आजार होता आणि त्याआधी तपासणी-उपचार झालेल्या बायका जेमतेम आठ टक्के होत्या. जगभर गाजला तो हा आकडा. पण बंग दाम्पत्याचं काम तिथे थांबलं नाही. अंगावरून पांढरं जाण्याला बायका काय समजतात, त्याची कारणं काय सांगतात, कोणत्या आजाराला किती गंभीर मानतात, हे त्यांनी बायकांशी बोलून स्वतंत्रपणे नोंदवलं आणि 1994 मध्ये प्रसिद्ध केलं. डॉक्टरांच्या लेखी किरकोळ असलेली ही तक्रार बायकांना अजिबात किरकोळ वाटत नव्हती. राणी बंग यांचं 'कानोसा' मराठी वाचकांना याच ऐकण्याची ओळख करून देतं. तपासणीच्या टेबलावर मिळालेली माहिती आणि ओसरीवरच्या गप्पांतून मिळालेली माहिती शेजारी ठेवली की एकीची उणीव दुसरी दाखवते. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांत याला जड नावं आहेत. गडचिरोलीत ते प्रत्यक्ष घडलं, आणि त्यामागे त्याच गावांत वर्षानुवर्षं राहणं होतं.

राहण्याला पर्याय नाही, हे मात्र आपल्या व्यवस्थेला मान्य नाही. विद्यार्थ्याला हटकून विचारला जाणारा प्रश्न असतो, 'किती मुलाखती?' मग तीस, पन्नास, शंभर असे गोल आकडे ठरवले जातात. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या 60 मुलाखती पुन्हा तपासून पाहिलं की नवे मुद्दे येणं कधी थांबलं. बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच आले होते. तेव्हापासून बारा हाही जादूचा आकडा होऊन बसला. गेस्ट यांच्या अभ्यासातल्या स्त्रिया बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न नेमके होते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. धारावीत चामड्याच्या कामात पिढ्यान् पिढ्या असलेला कारागीर, गेल्या वर्षी बिहारमधून आलेला पोऱ्या आणि कारखान्याचा मालक यांच्याशी मिळून बारा वेळा बोलून काही होणार नाही. मुलाखती कधी थांबवल्या आणि का थांबवल्या, याचं कारण विद्यार्थ्याने लिहायला हवं. आकडा आपोआप येतो.

असंच तपासणी-याद्यांचं झालं आहे. यव्होना लिंकन आणि एगॉन गुबा यांनी 1985 मध्ये गुणात्मक कामाच्या विश्वासार्हतेच्या कसोट्या मांडल्या. निष्कर्ष लोकांच्या अनुभवाशी जुळतात का, दुसऱ्या ठिकाणी लागू पडतील का हे वाचकाला ठरवता यावं इतकं वर्णन आहे का, वाट तपासता येते का, संशोधकाची आवडनिवड निष्कर्षावर स्वार झाली आहे का, असा त्यांचा आशय होता. 2007 मध्ये आरोग्यक्षेत्रासाठी 32 मुद्द्यांची 'कोरेक' ही यादी आली. याद्या उपयोगी आहेत. मात्र रोझलाइन बार्बर यांनी 2001 मध्येच इशारा दिला होता की यादीतल्या तांत्रिक युक्त्या पार पाडल्या म्हणजे काम काटेकोर होतं असं नाही. आज कित्येक प्रबंधांत या चार कसोट्यांची पाठ्यपुस्तकी व्याख्या दोन पानं व्यापते आणि पुढच्या दोनशे पानांत त्यांचा मागमूस नसतो. निष्कर्षाला छेद देणारी एकही मुलाखत ज्या प्रबंधात नाही त्यावर परीक्षकाने संशय घ्यावा. माणसं इतकी एकमताने बोलत नाहीत.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचं उदाहरण इथे फार शिकवून जातं. 1948 मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या एका गावात मुक्काम केला आणि त्याला 'रामपुरा' हे नाव दिलं. पुढे वर्षानुवर्षं लावत आणलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती 24 एप्रिल 1970 रोजी स्टॅनफर्डमध्ये लावलेल्या आगीत जळाल्या. कोणीही खचून जावं असा प्रसंग. मानववंशशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांच्या सांगण्यावरून त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं आणि 1976 मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याच्या नावातच त्यांनी 'आठवलेलं गाव' असं सांगून टाकलं. वाचकाला काय हाती देत आहोत, हे झाकलं नाही. शिवाय आपण पाटलाच्या आश्रयाला, वरच्या जातींच्या वस्तीत राहिलो, त्यामुळे गाव आपल्याला त्या बाजूने दिसलं आणि दलित वस्ती दूर राहिली, हेही त्यांनी मान्य केलं. टिपणं जळूनही त्यांच्या पुस्तकावर विश्वास ठेवता येतो तो या कबुलीमुळे. वही शाबूत असलेल्या अनेकांना एवढं धैर्य दाखवता आलेलं नाही.

वही नीट राखली की काय होतं, तेही महाराष्ट्रात पाहायला मिळतं. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, हजाराहून अधिक गावांतून आलेल्या. 'परी' या संकेतस्थळाने 2017 पासून त्या लोकांपुढे आणल्या. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आहे, गाव-तालुका आहे, शक्य तिथे तिचा आवाज आहे. गोळा करणाऱ्यांत मुळशी भागातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या बायका होत्या, म्हणजे ज्या स्वतः जात्यावर बसत आल्या होत्या त्याच. उद्या कोणी सीतेबद्दलच्या किंवा बाबासाहेबांबद्दलच्या ओव्यांचा वेगळा अर्थ लावला तर तो मूळ ओवीपर्यंत जाऊन तपासता येईल. संशोधकाच्या मृत्यूनंतरही हे चालू राहिलं आहे. प्वातव्हँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये.

याच संदर्भात नाव गुप्त ठेवण्याच्या सरसकट नियमाचाही फेरविचार हवा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 मध्ये सिद्ध केलं, ते आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून. त्या बायका पुस्तकात आपापल्या नावाने उभ्या आहेत. त्यांना 'प्रतिसादक क्रमांक सात' केलं असतं तर ज्या इतिहासाने त्यांना वगळलं त्यात आणखी एक भर पडली असती. उलट घरात मार खाणाऱ्या बाईचं, कागदपत्रं नसलेल्या मजुराचं, एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाचं नाव लपवणं हे संशोधकाचं पहिलं कर्तव्य. कोणाचं नाव द्यायचं आणि कोणाचं लपवायचं, हे त्या माणसाला विचारून ठरवावं लागतं.

वही मागण्यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो इथेच. टिपणं जपली तर ती पोलिसांच्या हाती पडतील, आणि बेलफास्टमध्ये तसंच झालं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिस गॉफमन यांनी फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीवर 2014 मध्ये पुस्तक लिहिलं आणि तिथल्या तरुणांवर खटले होऊ नयेत म्हणून टिपणं नष्ट केली. पुढे पुस्तकातल्या प्रसंगांवर शंका घेतल्या गेल्या तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं. हा पेच खरा आहे, पण तो आधी ओळखून काही सोयी करता येतात. नावं आणि टिपणं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवता येतात. विद्यापीठाने शपथबद्ध केलेल्या एका स्वतंत्र अभ्यासकाला मूळ साहित्य दाखवून त्याच्याकडून लेखी निर्वाळा घेता येतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे संमतीपत्रावर खरं लिहावं. न्यायालयाने आदेश दिला तर ही माहिती द्यावी लागेल, हे वाक्य भारतातल्या किती संमतीपत्रांत असतं? ते वाचून समोरचा माणूस बोलायला नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे.

भाषेकडेही दुर्लक्ष नको. वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा गोंडीत झालेली मुलाखत इंग्रजी प्रबंधात थेट इंग्रजीतच अवतरते आणि मूळ बोलणं कुठेच राहत नाही. मूळ भाषेतला उतारा परिशिष्टात असलाच पाहिजे. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांची ही जमेची बाजू आहे आणि तिला कमी लेखणं थांबायला हवं.

आता यासाठी काय करावं लागेल, तर फार खर्चिक काही नाही. मौखिकीच्या आधी बाहेरच्या परीक्षकाला एक दिवस विद्यार्थ्याच्या टिपणांसोबत बसू द्यावं, त्यातल्या कोणत्याही तीन मुलाखती त्याने स्वतः निवडाव्यात आणि त्या प्रबंधातल्या विधानांशी ताडून पाहाव्यात. पदवी मिळाल्यावर किमान दहा वर्षं हे साहित्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुलुपात राहावं. 'शोधगंगा'वर पूर्ण प्रबंध चढवण्याची सोय देशाने केलीच आहे, त्याला ही जोड द्यायची आहे. अधिछात्रवृत्तीत गावी परत जाण्याचा प्रवासखर्च धरावा, म्हणजे निष्कर्ष तिथल्या लोकांपुढे वाचून दाखवता येतील आणि त्यांची हरकत प्रबंधात नोंदवता येईल. आणि मार्गदर्शकाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या क्षेत्रात एकदा तरी स्वतः जावं. अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. आठ विद्यार्थी म्हणजे आठ गावं किंवा आठ वस्त्या, आणि पीएच.डी.ला किमान तीन वर्षं मिळतात. एका सत्रात एक किंवा दोन फेऱ्या पडतील. त्यासाठी लागणारी कर्तव्यरजा आणि एसटीचं भाडं मंजूर करायला विद्यापीठांना कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.